मिस्त्रीच्या खुंट्या

दरवर्षी जुलैत मी वास्तुकला महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला 'थोर वास्तुकारांची चरित्रं' हा विषय शिकवते, आणि दरवर्षी माझं डोकं फिरतं. मुलं वह्या उघडून बसलेली असतात आणि मी फळ्यावर लिहीत जाते: जन्म, बालपण, शिक्षण, गुरूशी मतभेद, पहिली इमारत, गाजलेली इमारत, पुरस्कार, मृत्यू. सगळ्यांची आयुष्यं एकाच साच्यातून काढलेली. प्रत्येकाच्या लहानपणी आजोळ असतं, आजोळी एक मोठं झाड असतं, आणि त्या झाडाकडे बघून म्हणे त्यांना पुढं खांब सुचलेला असतो. बरं, सुचला. पण तो खांब उभा कुणी केला? ते एकाही चरित्रात नाही. परीक्षेत त्यावर प्रश्नही येत नाही.

मुलांना घेऊन मी नळदुर्गला जाते. पाणीमहालात उभं राहिलं की दोन्ही अंगांनी पाणी कोसळत असतं आणि आत मात्र अंग भिजत नाही. मुलं खुळावतात. हे कुणी बांधलं, असं विचारलं की गाईड सुलतानाचं नाव सांगतो. सुलतानानं बांधलं! जणू सुलतान पहाटे उठून, धोतर खोचून चुना मळत होता. तेरच्या विटांच्या जुन्या देवळाला तर तेवढंही नाव नाही. एकदा मी त्या गाईडशी इतकी भांडले, की परतीच्या बसमध्ये मुलं माझ्याशी जपून बोलत होती.

माझा राग एवढ्यावर असता तर मी तो वर्गातच संपवला असता. पण आमच्या पाठ्यपुस्तकात नववं प्रकरण आहे. ते आमच्या भागात भूकंपानंतर काम केलेल्या एका मोठ्या वास्तुकारांवर आहे. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. सगळे त्यांना 'सर' म्हणायचे, मीही म्हणते. त्या प्रकरणात पानभर एक छायाचित्र आहे. दगडी भिंतींची एक लांब खोली, आतल्या बाजूनं भिंतीतून चार-चार बोटं बाहेर आलेले दगड, आणि एका दगडाला अडकवलेलं कुणाचं तरी दप्तर. खाली ओळ आहे: 'भूकंपग्रस्त भागात सरांनी रुजवलेल्या आरपार दगडांच्या तंत्राची प्रात्यक्षिक खोली.'

ती माझी शाळा आहे. सरांनी आमच्या गावात पाऊल टाकलं त्याच्या बारा वर्षं आधी ती खोली बांधून झाली होती. तिथं मी पाढे शिकले. त्या दगडांना मी माझं दप्तर अडकवलेलं आहे.

आमचं गाव लोहारा तालुक्यातलं. वडील तिथल्या शाळेत गुरुजी होते. तेव्हा शाळा म्हणजे देवळाचा ओटा आणि एक गळकी खोली. गावानं दगड द्यायचा, माणसं द्यायची, छपराचा पत्रा सरकारकडून मिळवायचा, असं ठरलं आणि काम मिस्त्रींकडे गेलं. मिस्त्री म्हणजे मशिदीजवळच्या गल्लीतले. गवंडीकाम त्यांच्या घरात वडिलांपासून चालत आलेलं. ढोकीच्या कारखान्याच्या क्वार्टरच्या भिंतींपासून कळंबच्या आडत दुकानांपर्यंत कुठं कुठं त्यांनी काम केलं होतं. मोठी माणसं त्यांना मिस्त्री म्हणत, आम्ही मुलं चाचा म्हणायचो. उंच, सडसडीत, कमी बोलणारा माणूस. बोलला की मात्र समोरच्याला गप्प करणारा.

भिंत कमरेएवढी झाली तेव्हा वडिलांना आत आलेली दगडांची टोकं दिसली. मी तेव्हा सात-आठ वर्षांची. वडिलांचं बोट धरून काम बघायला गेले होते. वडील म्हणाले, "मिस्त्री, अहो हे दगड बाहेर राहिले की! प्लास्टर कसं करायचं?"

"ऱ्हायले न्हायत गुरुजी, ठिवलेत," मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी थापी खाली ठेवली आणि वडिलांना भिंतीच्या माथ्यावरून आत बघायला लावलं. "ही एक भिंत दिसती, पर हायेत दोन. एक भायेरली, एक आतली. मधी माती न् खडे. दोघी एकमेकीला धरून न्हायत. म्हून दीड-दोन हातावर एक आरपार धोंडा घालायचा. त्यो दोघीला बांधून ठिवतो."

"मग तो आत दडवा ना. दिसायला बरं नाही."

"दडवला तर घातला का न्हाय, हे कोण बघायला येतंय? गवंडी बी खोटं बोलतो, मालक बी बोलतो. टोक भायेर असलं की शाळेतलं पोरगं बी मोजंल."

वडील हसले, आणि खरंच, शाळा सुरू झाल्यावर पहिलीच्या मुलांना शंभरपर्यंत मोजायला त्यांनी ते दगडच दिले. आम्ही त्यांना 'मिस्त्रीच्या खुंट्या' म्हणायचो. दप्तरं, टोप्या, भिजलेली पोती, सगळं त्यांना लटकायचं.

गावातल्या बड्या घरांना मात्र खुंट्या नको होत्या. आरपार धोंडा लांब लागतो, खाणीतून तसा दगड काढायला वेळ जातो, बैलगाडीत चारच मावतात. वर भिंतीतून बाहेर आलेला दगड पाहुण्यारावळ्यांसमोर गावंढळ दिसतो म्हणे! 'मिस्त्री, आमच्याकडे ते नखरे नकोत,' असं तोंडावर सांगायचे. मिस्त्री मग काम सोडून देत. अशी किती कामं त्यांनी सोडली याची गावात टिंगल व्हायची. त्यांचं स्वतःचं घर त्यांच्या आजोबांच्या काळचं होतं, वर माळवदाचं जड मातीचं छत, भिंतीत एकही खुंटी नाही. ते घर उतरवून नवं बांधायचं म्हणून मिस्त्रींनी अंगणात लांब धोंडे जमवत ठेवले होते. एक एक निवडून आणलेला. शाळेची शेवटची भिंत, म्हणजे फळ्याची, आली तेव्हा गावानं दिलेले लांब दगड संपले. वडिलांनी शब्द टाकला. मिस्त्रींनी अंगणातले नऊ धोंडे शाळेला दिले. 'माझं काय, पुढल्या उन्हाळ्यात आणतो,' म्हणाले. पुढल्या उन्हाळ्यात दुसऱ्या कुणाचं काम आलं. त्याच्या पुढल्या उन्हाळ्यात आणखी कुणाचं.

भूकंपाबद्दल मी जास्त लिहिणार नाही. ज्यांनी तो पाहिला त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी पुन्हा ते सगळं उकरायची माझी तयारी नाही. एवढंच सांगते, की उजाडल्यावर गावात उभी अशी मोजकी बांधकामं होती आणि त्यात शाळेची ती लांब खोली होती. तिच्या भिंतींना भेगा होत्या. पण बाहेरली भिंत बाहेरच्या बाजूला आणि आतली आतल्या बाजूला, अशी ती फुटली नव्हती. पत्र्याचं छप्पर हलकं होतं, त्याचाही हातभार लागला, हे खरं. जखमींना तिथंच ठेवलं. मिस्त्रींचं घर बसलं. चाची गेल्या.

आणि मग लोक बोलायला लागले. गवंड्याचंच घर पडलं, तो दुसऱ्याला काय अक्कल शिकवणार! ज्यांनी खुंट्यांना नाकं मुरडली होती तेही हेच म्हणत होते. त्यांची माणसं गेली होती, त्यांना मी काय बोलणार. पण मला तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो.

सर पंधरा दिवसांनी आले. मी तेव्हा वीस वर्षांची होते, कॉलेज बंद पडलेलं, आणि पाहणीला आलेल्या त्यांच्या तुकडीबरोबर मला काम मिळालं होतं. घरोघरी जायचं, माहिती लिहायची, आणि शहरातल्या लोकांना आमचं बोलणं कळत नसे ते समजावून सांगायचं. सर शाळेत शिरले आणि त्या खोलीत थांबूनच राहिले. हे दगड कुणी घातले, असं विचारलं. मी मिस्त्रींना बोलावून आणलं. चाचीला माती देऊन पंधरा दिवस झाले होते. ते आले, भिंतीवर हात ठेवला आणि सगळं सांगितलं. किती अंतरावर, कोणत्या थरात, कोपऱ्यात कसा, दाराच्या बाजूला कसा. मी मापाची पट्टी धरली. माझ्या वहीतला रेघांचा कागद फाडून मीच ती सगळी मापं लिहिली. मधे मधे बोलणं थांबायचं तेव्हा कागदाच्या कोपऱ्यात जास्वंदीचं फूल काढत बसले. ती माझी जुनी सवय. शेवटी कागद सरांच्या हातात दिला.

सर वाईट माणूस नव्हते, हे लिहिलंच पाहिजे. ते जमिनीवर बसून मिस्त्रींचं बोलणं ऐकत होते. त्यांनी मिस्त्रींना चहा दिला, स्वतःच्या हातानं दिला. नीट प्रश्न विचारले. त्यांनी सगळं नीट ऐकलं होतं, म्हणून तर मला जास्त राग येतो. न ऐकता चुकले असते तर मी त्यांना केव्हाच माफ केलं असतं.

तीन महिन्यांनी त्याच खोलीत गवंड्यांचं प्रशिक्षण भरलं. सात दिवसांचं. तालुक्यातले तीस-पस्तीस गवंडी मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसले होते, आणि पुण्याहून आलेला एक कोवळा इंजिनिअर लाकडी ठोकळे मांडून शिकवत होता. 'याला म्हणतात थ्रू स्टोन. हा भिंतीच्या आरपार जातो. यानं दोन्ही भिंती बांधल्या जातात.' त्याच्या पाठीमागच्या भिंतीत बारा खुंट्या दिसत होत्या. मिस्त्री दुसऱ्या बाकावर बसून ऐकत होते. सात दिवस त्यांनी तोंड उघडलं नाही. सातव्या दिवशी प्रमाणपत्रं वाटली. नावं पुकारायचं काम माझ्याकडे होतं. पहिलं नाव त्यांचं होतं, आणि ते प्रमाणपत्र मी माझ्या हातानं त्यांना दिलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "चाचा, तुम्ही काही बोलला का नाही?"

"बोलून काय व्हतंय बेटी?" ते म्हणाले. "सर्टिफिकेट असल्याबिगर नव्या गावाच्या कामावर घेत न्हायत."

त्यांनी नव्या गावाची घरं बांधली. रोजंदारीवर, इंजिनिअरच्या हाताखाली. गाव उठून तिकडे गेलं. जुन्या गावठाणात राहिली ती फक्त शाळा. नव्या गावासाठी सरांना पुरस्कार मिळाले, परदेशात व्याख्यानं झाली, पुस्तक निघालं. मला सरांनी शिफारसपत्र दिलं. त्या पत्रावर मला प्रवेश मिळाला, आणि मी वास्तुकार झाले, मग शिक्षक झाले. पाठ्यपुस्तकातली छायाचित्राखालची ती ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. आणि मी काय केलं? काही नाही. त्या पत्राचं ओझं होतं. अठरा वर्षं मी नववं प्रकरण शिकवलं, त्या छायाचित्राचं पान भराभर उलटलं आणि दहाव्या प्रकरणाकडे गेले. नळदुर्गच्या गाईडवर ओरडायला मला बरं जमत होतं.

सर मागच्या वर्षी वारले. त्यांच्या नावानं एक संस्था चालते. तिनं ठरवलं की आमच्या शाळेच्या त्या खोलीत सरांचा जीवनपट लावायचा. काळ्या ग्रॅनाइटच्या मोठ्या फरशीवर कोरलेला. जन्मापासून मृत्यूपर्यंत, पुरस्कारांसकट. मला प्रमुख वक्ता म्हणून निमंत्रण आलं. पत्रिकेत शेवटी एक ओळ होती: 'या प्रसंगी सरांच्या हाताखाली तयार झालेल्या पहिल्या प्रशिक्षित गवंड्याचा सत्कार.' तो गवंडी म्हणजे आमचे मिस्त्री. ज्यांनी शिकवलं त्यांचा विद्यार्थी म्हणून सत्कार! मी ती पत्रिका टेबलावर आपटली. नवरा म्हणाला, जाऊ नकोस. मी म्हणाले, जाणार, आणि या वेळी बोलणार.

मी आदल्या दिवशीच धाराशिवला उतरले आणि दुपारी शाळेत पोचले. खोली रंगवून चकचकीत केलेली. फळ्याशेजारी फरशी बसवलेली, वर पांढरं कापड. व्हरांड्यात प्रदर्शन मांडलं होतं. सरांचा चष्मा, सरांची पट्टी, सरांची पत्रं. आणि मधोमध काचेच्या चौकटीत रेघांचा एक पिवळा पडलेला कागद. खाली चिठ्ठी: 'सरांच्या हातची मूळ नोंद. याच पानावर आरपार दगडांच्या तंत्राचा जन्म झाला.' कागदाच्या कोपऱ्यात जास्वंदीचं फूल होतं.

संस्थेचे समन्वयक तिथंच होते. तिशीतला, खादीचा कुर्ता घातलेला, गोड बोलणारा माणूस. मी त्यांना सांगितलं की हे अक्षर माझं आहे, मापं मिस्त्रींनी सांगितली आहेत, आणि ही खोली भूकंपाच्या आधीची आहे, मिस्त्रींनी बांधलेली.

"मॅडम, तुमच्या भावना मी समजू शकतो," ते म्हणाले. "पण याला काही कागदोपत्री पुरावा?"

"हा काय कागदच आहे ना तुमच्यासमोर!"

"यावर नाव नाहीये कुणाचं. आणि सरांनी स्वतः हयातीत ही नोंद आपल्या संग्रहात ठेवली होती. आपण मिस्त्रींचा सत्कार ठेवलाय की. शाल आहे, श्रीफळ आहे."

शाल आणि श्रीफळ! माझ्या तोंडून इतके कडक शब्द निघाले की शाळेच्या मुख्याध्यापिका बाई ऑफिसातून बाहेर आल्या. त्या नव्या होत्या, दोन वर्षांपूर्वी बदली होऊन आलेल्या. त्यांनी मला पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. मी त्यांना एवढंच म्हणाले, की मिस्त्री आता पंच्याऐंशीच्या पुढं गेलेत, डोळ्यांना दिसत नाही, ही गोष्ट त्यांच्या जिवंतपणी सांगितली गेली नाही तर नंतर सांगून उपयोग नाही. बाई म्हणाल्या, "उद्या त्यांना जरा लवकर आणा. मला ऐकायचंय त्यांच्याकडून."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवाच्या सुमारास मी मिस्त्रींना घेऊन आले. नव्या गावापासून शाळा दोन-अडीच किलोमीटर, रिक्षानं आलो. पांढरा पायजमा, इस्त्रीचा सदरा, खिशात लॅमिनेट केलेलं ते प्रमाणपत्र. कुणी विचारलंच तर असावं म्हणून. खोलीत मुलं बसली होती, स्वागतगीताची तालीम चालली होती. मिस्त्री दारातून आत आले, डाव्या हाताला वळले आणि त्यांनी भिंतीवर तळहात टेकवला. मग ते भिंतीच्या कडेनं चालायला लागले. एका खुंटीवरून हात दुसऱ्या खुंटीवर. ओठ हलत होते. मुलं गाणं थांबवून बघत राहिली. एक लांब भिंत झाली, मागची झाली, दुसरी लांब झाली. मग ते फळ्याच्या भिंतीपाशी आले, आणि त्यांचा हात कापडाखालच्या गुळगुळीत फरशीवर आला.

त्यांनी फरशी चाचपली. वरपासून खालपर्यंत. मग मागं जाऊन पुन्हा मोजलं.

"हितं आठच हायेत," ते म्हणाले. "चार कुठं गेल्या?"

समन्वयक पुढं झाले. "आजोबा, फरशी सपाट बसायला हवी होती ना. तेवढी टोकं काढली. बाकी सगळ्या आहेत तशाच ठेवल्यात आम्ही, वारसा म्हणून."

"टोकं काढली का धोंडे काढले?"

"टोकं. म्हणजे… कामगारांना तसंच सांगितलं होतं."

"तुमी उभं व्हता का?"

समन्वयकांनी मागं वळून पाहिलं. त्यांच्याबरोबर संस्थेचे दोन इंजिनिअर होते, तेही तेव्हा तिथं नव्हते. त्या क्षणी खोलीत वास्तुकलेची पदवी घेतलेली मी आणि ते दोन इंजिनिअर, अशी बांधकाम शिकलेली तीन माणसं होती, आणि एकालाही सांगता येत नव्हतं की त्या फरशीमागं भिंत बांधलेली आहे की सुटलेली. मिस्त्रींनी टोकं कशासाठी बाहेर ठेवली होती, ते मला सात-आठ वर्षांची असताना कळलं होतं. या माणसांनी त्यावर अख्खं प्रदर्शन भरवलं होतं, आणि कळलं काहीच नव्हतं.

"पाटी काढा," मिस्त्री म्हणाले.

"अहो आजोबा, पाहुणे लोहाऱ्याच्या पुढं आलेत! अर्ध्या तासात उद्घाटन आहे. कार्यक्रम झाल्यावर आपण नक्की…"

"नाव कुणाचं बी लावा. माझी काय ना न्हाय. पर ह्या भिंतीखाली पोरं बसत्यात. आदी बघू द्या."

मी बोलायला तोंड उघडलं होतं, पण माझ्या आधी बाई बोलल्या. "पोरांनो, ओळीनं बाहेर चला. झाडाखाली बसायचं." आणि समन्वयकांकडे वळून म्हणाल्या, "ही खोली माझ्या ताब्यात आहे. काढा ती."

मंडपवाल्याच्या माणसांनी स्क्रू काढले आणि चौघांनी मिळून फरशी उतरवली. जन्म, शिक्षण, पुरस्कार, मृत्यू, सगळं उचलून व्हरांड्यात नेऊन ठेवलं. मागं दोन खुंट्या भिंतीलगत छाटलेल्या दिसत होत्या. दगड आत होते. दुसऱ्या दोन जागी दगड नव्हतेच. तिथं विटांचे तुकडे आणि सिमेंट कोंबलं होतं. हातोड्याच्या मशिननं टोक उडवताना धोंडा हलला असणार, मग तो ओढून काढला आणि भोक बुजवून टाकलं. भोकाच्या वर जुनी भेग होती, ती बोट जाईल इतकी उघडली होती. मी मिस्त्रींचं बोट धरून तिथं लावलं. त्यांनी ते भेगेतून वरपर्यंत फिरवलं.

"हे माझ्या अंगणातले व्हते," ते म्हणाले. "गुरुजीनी मागितले म्हून दिलेले. न्हायतर घराला लावले असते."

मला तिथं रडू फुटलं. रागानं फुटलं की कशानं, मला सांगता येत नाही.

कार्यक्रम झाला. झाडाखाली झाला. मी प्रमुख वक्ता होते, त्यामुळे माईक माझ्या हातातून कुणाला काढून घेता आला नाही. मी सांगितलं, की ही खोली कुणी बांधली, कधी बांधली, आणि चौकटीतलं ते अक्षर कुणाचं आहे. अठरा वर्षं मी हे मुलांना सांगितलं नाही, तेही सांगितलं. टाळ्या पडल्या नाहीत. आभार मानताना समन्वयक म्हणाले, की मॅडम भावनेच्या भरात बोलल्या, पण सरांना मोकळी चर्चा आवडायची. मिस्त्रींचं नाव पुकारलं तेव्हा ते उठले नाहीत. शाल घडी घातलेली तशीच टेबलावर राहिली.

पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती यंदा आली. मी प्रकाशकाला आणि संस्थेला तीन पत्रं लिहिली होती. छायाचित्राखालची ओळ जशीच्या तशी आहे. तो कागदही संस्थेकडे चौकटीत आहे. पुढच्या कार्यक्रमांची निमंत्रणं मला येत नाहीत.

ते दोन धोंडे बाईंनी शोधून काढले. शाळेमागं पाण्याच्या टाकीला टेकू म्हणून लावले होते. पंधरा दिवस मुलं व्हरांड्यात बसली आणि मिस्त्रींच्या देखरेखीखाली, खरं तर त्यांच्या हाताखाली, दोन गवंड्यांनी भिंतीचा तेवढा भाग उतरवून पुन्हा रचला. मिस्त्री खुर्चीवर बसून प्रत्येक दगड हातानं बघायचे आणि मग होकार द्यायचे. मी रजा काढून गेले होते. शेवटच्या दिवशी मापं घ्यायला बसले. पट्टीचं एक टोक बाईंनी धरलं. मी वहीतून रेघांचा कागद फाडला, तो आवाज ऐकून मिस्त्रींनी मान वळवली.

"लिहितीस का?" त्यांनी विचारलं.

"हो चाचा."

"ह्या टायमाला कुणाला देणार हायेस?"

इतक्या वर्षांत त्या कागदाबद्दल ते मला एका शब्दानं बोलले नव्हते. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, रागावलेला नव्हता. मग मी कागदाच्या माथ्यावर त्यांचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, गावासकट, आणि ते त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. मी वाचलं, आणि मग पहिलं माप लिहिलं.